दोन इंच माया

कापण्याच्या हॉलमध्ये खुर्ची आली, त्या दिवसापासून कातरबाईच्या पोटात दुखायला लागलं. पोटात दुखणं दोन जातींचं असतं. एकाला डॉक्टर लागतो, दुसऱ्याला शेजारणीचं बरं झालेलं पुरतं. कातरबाईचं दुसऱ्या जातीतलं होतं.

खुर्ची काही सिंहासन नव्हती. उंच पायांची, करड्या रंगाची, पाठीला टेकू असलेली साधी खुर्ची. पण तो कारखाना गणवेशांचा. दवाखान्यांचे कोट, पहारेकऱ्यांचे शर्ट, हॉटेलांचे एप्रन तिथे कापले आणि शिवले जात. शिवणाऱ्या बायका पलीकडे मशीनवर बसत, कापणारे मात्र अलीकडे उभे. चार लांब टेबलं, कमरेइतकी उंच, आणि त्यांच्याभोवती दिवसभर उभी माणसं. सव्वीस वर्षं कातरबाईने बसून एक बाहीसुद्धा कापली नव्हती. कापायचं ते अंगाचा भार टाकून, असं तिला शिकवलं होतं आणि तेच तिने चौघांना शिकवलं. आता खिडकीजवळच्या टेबलाला ही खुर्ची, आणि खुर्चीवर कोण, तर जेमतेम दीड वर्षापूर्वी आलेली, फर्मे म्हणजे कापायचे कागदी नमुने बनवणारी पोरगी. वय बत्तीस, म्हणजे पोरगीच.

मास्तरांनी सगळ्यांना एकदाच सांगून टाकलं. मास्तर म्हणजे हॉलचे मुख्य कटर, साठीला टेकलेले, बोलण्यातही कापड वाचवणारे.

"वरून कागद आलाय. हिनं बसून काम करायचं. दर दोन तासांनी दहा मिनिटं बाहेर जायचं. जड तागे उचलायचे नाहीत. झालं."

"का पण?" कातरबाईने विचारलं.

"कारण लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारायचं नसतं," मास्तर म्हणाले आणि ताग्याकडे वळले.

विचारायचं नसतं! कातरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं हे नाव हॉलने ठेवलेलं. मोठी कात्री तिच्याइतकी कोणाला चालत नसे म्हणून, आणि जीभही त्याच कात्रीची बहीण होती म्हणून. त्या जिभेने संध्याकाळपर्यंत पोरीचं नवं बारसं करून टाकलं, खुर्चीवाली. शिवणाऱ्या बायकांत पहिल्या मशीनवर जी बसे तिला सगळे रेडिओ म्हणत. एकदा तिच्या कानावर गेलं की वेगळं सांगावं लागत नसे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दारावरचा पहारेकरीसुद्धा विचारत होता, "काय, खुर्चीवाली बरी आहे ना?"

पोरगी हसली फक्त. ते हसणंही कातरबाईला खुपलं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण कातरबाई ती स्वतः कोणाला सांगणार नव्हती. तिचा उजवा हात तिला दगा देत होता. सुरुवात अंगठ्यापासून झाली, मग पहिली दोन बोटं. सकाळी उठली की ती बोटं दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी बधिर. दुपारनंतर कात्री धरली की मनगटातून कळ निघे ती थेट कोपरापर्यंत. गेल्या महिन्यात तिच्या हातून कपबशी पडली, मग डबा पडला, आणि एकदा चक्क कात्री पडली. नशिबाने तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि हॉलमध्ये कोणी नव्हतं.

नवऱ्याला कळलं होतं. त्याच्यापासून काय लपणार? भाजी चिरायचं काम त्याने न बोलता स्वतःकडे घेतलं होतं आणि वाईट चिरत होता.

"अगं, तुमच्याकडे फॉर्म असतो ना?" तो म्हणाला. "त्या पोरीनं भरला तसा तूही भर. हलकी कात्री माग, मध्ये मध्ये विश्रांती माग."

"आणि हात दाखवून अवलक्षण करून घेऊ? महिनाअखेर मास्तर निवृत्त होतायत. त्यांची जागा कोणाला मिळणार? ज्या कटरचा हातच चालत नाही तिला?"

"फॉर्मवर काय झालंय ते कुठं कोणाला कळतं?"

"भिंतींना कान असतात. आणि आमच्या भिंतीला तर रेडिओ आहे."

नवरा हसला. तिला हसू आलं नाही. मास्तरांच्या जागेसाठी दोघींचीच नावं होती, एक तिचं आणि एक खुर्चीवालीचं. सव्वीस वर्षं एका पारड्यात, दीड वर्ष दुसऱ्यात, तरी दुसरं पारडं वर जायला तयार नव्हतं, कारण पोरीचे फर्मे केसाइतकेही चुकत नसत. मास्तर झालं की हातात कात्री कमी आणि मापवही जास्त. कातरबाईच्या हाताला वाचवणारी ती एकच जागा होती. ती मिळाली तर हाताचं कोणाला कधी कळणारच नव्हतं. ती गेली तर आणखी सहा महिन्यांत सगळ्या हॉलसमोर कात्री पडणार होती.

म्हणून ती पोरीला पाण्यात पाहायला लागली. पोरगी दहा मिनिटं बाहेर गेली की कातरबाईचा डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. बारा मिनिटं झाली की ती शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणे, "झाली का दहा? आमचं घड्याळ मागं असेल." पोरगी जाताना एक छोटी निळी बॅग घेऊन जाई. त्या बॅगेत काय असावं यावर हॉलने बराच अभ्यास केला. रेडिओचं म्हणणं, दिवस गेलेत. पण खुर्ची येऊन चार महिने झाले तरी पोट जिथल्या तिथे, तेव्हा रेडिओने ती बातमी मागे घेऊन मधुमेहाची दिली. कातरबाईचं मत ठाम होतं. ते म्हणजे नाटक. कागद करून आणलाय, खुर्ची मिळवलीय, आता मास्तरकीही बसल्या जागी मिळवणार.

एकदा ती वरच्या मजल्यावर कर्मचारी खात्यात गेली. काचेच्या खोलीत एक शांत बाई बसत. फॉर्म त्यांच्याकडे असत म्हणून त्या फॉर्मबाई.

"त्या खिडकीजवळच्या मुलीची काळजी वाटते हो," कातरबाई म्हणाली. काळजीचा आवाज तिला जमत नसे, तरी काढला. "काय झालंय तिला? म्हणजे आम्हाला सांभाळून घेता येईल."

"ते मी सांगू शकत नाही," फॉर्मबाई म्हणाल्या. "खाली फक्त काय हवं तेवढंच जातं. काय झालंय ते डॉक्टरांच्या पाकिटात राहतं, आणि ते पाकीट या कपाटात."

कातरबाईने कपाटाकडे पाहिलं. कपाटाने तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्हाला स्वतःला काही हवं होतं का?" फॉर्मबाईंनी सहज विचारलं.

"मला? मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली आणि उजवा हात पाठीमागे घेऊन जिना उतरली.

त्याच आठवड्यात तिने आणखी एक गोष्ट केली, ती सांगायची लाज वाटावी अशी. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेलेले पाहून ती त्या खुर्चीवर बसून पाहून आली. बाई बुटकी, खुर्ची उंच. पाय खाली टेकेनात. पण पाठ टेकली, आणि सव्वीस वर्षांचा शीण कमरेतून असा उतरला की तिला रडू येईल असं वाटलं. कोणी तरी हिला हे नुसतं कागदावर लिहून दिलं. आपल्याला कधी कोणी विचारलंही नाही. खुर्ची आणखी वाईट असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि ती तिथून उठली ती दुप्पट जळत.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात हॉलच्या स्वतःच्या एप्रनांची वेळ आली. वर्षातून एकदा सगळ्यांना नवे एप्रन मिळत. पुरुषांची मापं मास्तर घेत आणि बायकांची कातरबाई, कोपऱ्यातल्या पडद्याआड. मापं चिठ्ठीवर लिहायची, कापड कापलं की चिठ्ठी गठ्ठ्याला टाचायची, आणि गठ्ठा पहिल्या मशीनकडे जायचा. पहिलं मशीन म्हणजे रेडिओ.

मास्तरांचा याबाबत एक नियम होता. हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला टेप हातात देण्याआधी ते तो सांगत. आकडा चिठ्ठीवर, माणूस पोटात. टेप लावणाऱ्याला नको ते कळतं. कोणाचा खांदा पडलाय, कोणाचा एक पाय आखूड आहे, कोणाची कंबर गेल्या वर्षीपेक्षा पाच इंचांनी आटलीय आणि का आटलीय. ते चिठ्ठीवर लिहायचं नाही. मनात ठेवायचं आणि कापताना हाताने सावरून घ्यायचं. मास्तरांच्या मापवहीत तीस वर्षांतली माणसं होती आणि सगळी नुसत्या आकड्यांत. वही त्यांच्या टेबलाच्या कप्प्यात असे आणि किल्ली खिशात.

खुर्चीवाली पडद्याआड आली ती सगळ्यात शेवटी.

"कंबरेचं माप मी सांगते, ताई. घेऊ नका."

"इथं सांगीव मापं चालत नाहीत," कातरबाई म्हणाली. "हात वर कर."

"खरंच सांगते, बरोबर असेल."

"अगं, मी काय खाणारे तुला? हात वर."

पोरीने हात वर केले. कातरबाईने टेप फिरवला, आणि डाव्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, टेप थबकला. कपड्याखाली काहीतरी चपटं होतं. बोट लागताच ते चुरचुरलं, पातळ प्लास्टिक चुरचुरतं तसं.

तो आवाज कातरबाईला ओळखू आला. तिच्या मोठ्या दिरांचं आतडं कापावं लागलं होतं, आणि शेवटची दोन वर्षं त्यांच्या पोटाला अशीच पिशवी होती. शौचाची पिशवी. ती भरली की रिकामी करायची, वेळच्या वेळी बदलायची. पिशवी बदलताना घरात सगळे हळू बोलत, आणि दीर भिंतीकडे तोंड करत. निम्म्या वेळा ती कातरबाईने स्वतः बदलली होती. दहा मिनिटांत होत नसे ते काम. बारा लागत.

पडद्यापलीकडे मशीनं चालू होती.

"कळलं तुम्हाला," पोरगी हळूच म्हणाली.

कातरबाईने टेप सैल सोडला.

"घट्ट झालं की निसटते. एप्रन तेवढा डावीकडे सैल ठेवाल?" पोरीचे कान लाल झाले होते. "आणि कुणाला..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. कातरबाईने टेप गुंडाळला. "बघते," म्हणाली.

एखाद्याला वाटेल, आता तरी हिचा जळफळाट शमला असेल. मत्सराला एवढी लाज असती तर मग काय हवं होतं! पहिला तास तिला खरंच वाईट वाटलं. दिरांचा चेहरा आठवला. पण दुपारी पोरगी आपल्या खुर्चीवर बसून फर्मा आखत होती, आणि मास्तर तिच्या टेबलाशी वाकून म्हणाले, "वा! अशी गोलाई मी वीस वर्षांत पाहिली नाही." ते 'वीस वर्षांत' कातरबाईच्या काळजात सुई टोचावी तसं रुतलं. वीस वर्षांत तीच तर होती तिथे! म्हणजे आता हिच्यावर रागावताही येत नाही. आजारी आहे, खरी आहे, नाटक नाही, आणि वर हुशार आहे. हेवा करायला सुद्धा हिने जागा ठेवली नाही. मास्तर झाली तर लोक म्हणतील, एवढं सोसून पोरगी कुठं पोचली. आणि आपण? आपलं सोसणं कोणाला दिसलंय?

लोकांना कळलं तर, तिच्या मनात आलं. नुसतं कळलं तर. कारखान्याचे मालक मास्तरकी अशा बाईला देतील, जी दर दोन तासांनी उठून जाते आणि का जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे? आपण काही सांगायला नको. आपण फक्त माप लिहायचं. कामच आहे ते.

माणूस स्वतःशी खोटं बोलताना किती शहाण्यासारखं बोलतो! तिने चिठ्ठी घेतली. छाती, कंबर, उंची, आकडे लिहिले. मग खाली, एरवी मोकळ्या राहणाऱ्या जागेत, लिहिलं: डावीकडे पिशवी. आणि त्यापुढे, हाताच्या सवयीने, अजिबात विचार न करता लिहिलं: माया दोन इंच.

माया म्हणजे शिलाईच्या आत सोडायचं जास्तीचं कापड. उद्या अंग भरलं, सुटलं, तर उसवून मोठं करता यावं म्हणून शिंपी सोडतो ते. कातरबाई माया कधी विसरत नसे. तिने एप्रन स्वतः कापला, डावीकडे दोन इंच माया सोडून, दुखऱ्या हाताने, सुरेख. चिठ्ठी टाचली, गठ्ठा पहिल्या मशीनकडे सरकवला आणि आपल्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

रेडिओने चिठ्ठी वाचली. एकदा वाचली, मग शेजारणीला दाखवली.

"अगं बाई, पिशवी?" रेडिओला हळू बोलता येत नसे. "पिशवी काढलीय की काय हिची? एवढ्या वयात?"

बायकांच्या बोलण्यात पिशवी म्हणजे गर्भाशय, हे कातरबाईच्या लक्षातच आलं नव्हतं. तीन मशीनं थांबली. चौथ्या मशीनवरच्या बाईने मान वर केली. खिडकीजवळच्या खुर्चीवर पोरगी फर्म्यावर वाकली होती, पण तिची पेन्सिल थांबलेली कातरबाईला दिसली.

मास्तर सावकाश चालत पहिल्या मशीनपाशी आले. चिठ्ठी हातात घेतली. चष्मा वर करून वाचली. मग त्यांनी मान वळवून कातरबाईकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मग चिठ्ठीकडे.

"कसली पिशवी काढताय?" ते म्हणाले. "खिशाची पिशवी आहे. डाव्या बाजूला आतून खिसा लावायचाय. मऊ कापडाचा, वर झाकण ठेवून. खडू-टेप ठेवायला हवा असेल तिला. शिव मुकाट्यानं."

"आतून खिसा? एप्रनला?" रेडिओ म्हणाली.

"नवीन पद्धत आहे."

मास्तरांनी सांगितलं म्हणजे झालं. मशीनं सुरू झाली. चिठ्ठी त्यांनी परत टाचली नाही. चार घड्या घालून खिशात टाकली, आणि जाता जाता कातरबाईच्या टेबलाशी क्षणभर थांबले.

"आपण खिशाला चिठ्ठीवर काय लिहितो?" त्यांनी विचारलं.

"खिसा," कातरबाई म्हणाली.

"हं," म्हणून मास्तर पुढे गेले.

एप्रन गुरुवारी तयार झाले. खुर्चीवालीने आपला घातला, पडद्याआड जाऊन आली आणि सरळ कातरबाईच्या टेबलाशी आली. डोळे भरलेले.

"ताई, तुम्हाला कसं सुचलं? आतला खिसा. त्यात बरोबर बसते. वजन येत नाही, आवाज येत नाही, काही दिसत नाही. आणि माया एवढी ठेवलीत. डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा मला कधी नीट बसला नव्हता."

"अगं, ते मी..." कातरबाई म्हणाली.

"आणि लिहिलंतही असं की कुणाला कळू नये. मी ऐकलं तेव्हा माझा जीवच गेला होता. मग मास्तर म्हणाले खिसा, तेव्हा लक्षात आलं, तुम्ही आधीच ठरवून लिहिलंत. मी तुमच्याबद्दल काहीबाही विचार करत होते, ताई. माफ करा."

सांगायची ती वेळ होती. कातरबाईच्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण कोणी इतक्या भरल्या डोळ्यांनी आभार मानत असताना, मी तुला उघडी पाडायला निघाले होते, असं म्हणायला जी छाती लागते ती तिच्याकडे नव्हती. सव्वीस वर्षांत तिची जीभ पहिल्यांदाच बंद पडली होती, आणि तीही नको त्या वेळी.

पोरगी जरा जवळ सरकली. "मी पण एक सांगू? रागावू नका. तुमचा उजवा हात दुखतो ना?"

कातरबाईने हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"तुम्ही कापलेले तुकडे माझ्याकडे फर्म्याला ताडून पाहायला येतात. दोन महिने झाले, गोलाईला कापडाचे खालचे थर सरकतायत. जोड जुळवायच्या खाचा कमी पडतायत. मी नीट करून पुढं पाठवते. कुणाला बोलले नाही. मास्तरांनासुद्धा नाही." तिने कातरबाईच्या मनगटाला बोट लावलं. "फॉर्म भरा ना. काय झालंय ते खरंच कुणी विचारत नाही. मला पण खोटं वाटलं होतं."

दोन महिने. म्हणजे कातरबाई घड्याळाकडे बघून दहाची बारा मिनिटं मोजत होती तेव्हा ही तिचे तुकडे दुरुस्त करत होती. एक शब्द मास्तरांच्या कानावर घातला असता तर मास्तरकी हिची होती. घातला नाही. चांगुलपणातसुद्धा ही पोरगी आपल्या पुढे! कातरबाईला आजवर खुर्चीचा हेवा वाटला, गोलाईचा वाटला. पण या गोष्टीचा जो वाटला तसा कशाचाच वाटला नव्हता. कारण खुर्ची मागून मिळते, हे मागून मिळत नाही.

"बघू," ती म्हणाली. "आधी शनिवार जाऊ दे."

तरीही तिला आशा होती. माणूस असाच असतो. मास्तरांनी चिठ्ठी खिशात टाकली, पण नंतर चकार शब्द काढला नाही. म्हातारा माणूस, विसरलाही असेल. सव्वीस वर्षं तो विसरणार नाही, चिठ्ठी विसरेल, असा हिशेब तिने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मांडला आणि त्यावर विश्वासही ठेवला.

शनिवारी मशीनं लवकर थांबली. सगळे मास्तरांच्या टेबलाभोवती जमले. वरून फॉर्मबाईही आल्या होत्या. मास्तरांनी भाषण केलं नाही. "मालकांनी मला विचारलं, मी नाव दिलं," एवढंच म्हणाले. मग खिशातून किल्ली काढली, कप्पा उघडला, काळ्या पुठ्ठ्याची ती जाड मापवही दोन्ही हातांनी उचलली आणि चालत चालत खिडकीजवळ जाऊन खुर्चीवालीच्या टेबलावर ठेवली. वहीवर किल्ली ठेवली.

पोरगी घाबरून उठून उभी राहिली. "मास्तर, नाही. ताईंना द्या. त्यांचा हक्क आहे."

बाकी सगळे कातरबाईकडे पाहायला लागले. आणि अर्थात रेडिओ बोलली. तिच्या पोटात कधी काही राहिलंय?

"मास्तर, पण कातरबाईला सव्वीस वर्षं झाली. हे काही बरोबर नाही. तिला का नाही? कारण काय?"

चार घड्या घातलेली ती चिठ्ठी आता बाहेर निघणार. पोरीसमोर, फॉर्मबाईंसमोर, सगळ्यांसमोर. पिशवी म्हणजे खरी कोणती पिशवी, ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली. तिने टेबलाची कड धरली. उजव्या हाताला कड जाणवली नाही, म्हणून डाव्याने धरली.

मास्तरांनी चष्मा काढला, एप्रनच्या टोकाला पुसला आणि परत घातला.

"कारण आहे," ते म्हणाले. "सांगायचं नसतं."

पुढे कोणी विचारलं नाही. खुर्ची आल्यापासून हॉलला एवढी सवय झाली होती. फक्त सगळ्यांच्या नजरा हळूहळू बदलल्या. आधी आश्चर्याच्या होत्या, मग मऊ झाल्या. रेडिओ जवळ आली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "काही दुखतंय का गं तुला? सांगू नकोस हवं तर. आम्ही आहोत."

मास्तर जाताना कातरबाईच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले. "ही तुझी," एवढंच म्हणाले. तिने ती उघडली नाही. त्यात आपल्याच हाताचे दोन शेरे होते, पिशवीचा आणि मायेचा, आणि त्यांतला मायेचाच काय तो तिला वाचता आला असता.

एवढ्यात खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. पोरगी ती दोन्ही हातांनी ढकलत, जड उचलायचं नाही म्हणून नुसती ढकलत, सगळा हॉल ओलांडून तिच्याकडे घेऊन येत होती.

"बसा, ताई," ती म्हणाली. "सोमवारी आपण दोघी फॉर्मसाठी वर जाऊ. तोवर ही तुमची."

सगळे बघत होते, म्हणून कातरबाई बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.